चोविसावं पेर

बोलता बोलता त्यांचा अंगठा बोटांवरून फिरत असायचा. तर्जनीच्या वरच्या पेरापासून सुरुवात, करंगळीच्या खालच्या पेराशी शेवट, मग दुसरा हात. बघणाऱ्याला वाटावं बाई जप करतायत. पण ओठांवर कुठल्या देवाचं नाव नसायचं. दुसरा हात संपला की मान वर करून विचारायच्या, "सगळे आहेत ना?"

तुमच्याही ओळखीत असं कुणीतरी असेलच. कुलूप लावून जिना उतरल्यावर परत वर जाऊन कुलूप ओढून बघणारं. अशा माणसांना आपण हसतो. मीही हसले होते, पहिल्याच दिवशी, विमानतळावर. आता हसायला येत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

त्या आमच्या जपानच्या सहलीच्या टूर मॅनेजर. राहायला कल्याणला, विठ्ठलवाडी स्टेशनजवळ. पन्नाशीच्या, ठेंगण्या, पायात कायम पांढरे बूट आणि खांद्याला एवढी मोठी पिशवी, की तिच्यात माणूस मावावं. सहलीत सगळे त्यांना मॅडम म्हणायचे. माझी आई म्हणायची 'मोजणाऱ्या बाई'.

चोवीसच्या वर एकही माणूस त्या घेत नसत. एका बोटाची तीन पेरं, चार बोटांची बारा, दोन्ही हातांची चोवीस. "पंचविसावा आला तर मी धरू कुठे त्याला?" असं त्यांनी ऑफिसात सांगून ठेवलेलं. प्रत्येकाचं पेर ठरलेलं. माझं डाव्या करंगळीचं मधलं, आईचं त्याच्या खालचं. म्हणजे आई शेवटची.

आमच्यात ठाण्याचे एक निवृत्त अधिकारी होते. ते एकदा बसमध्ये म्हणाले, "मॅडम, तुमचं पूर्वी कुणी हरवलंबिरवलंय का हो?"

"नाही साहेब," त्या म्हणाल्या. "अजून तरी नाही. म्हणून तर मोजते."

सगळे हसले. मी हसले नाही. का, ते सांगते.

मी डोंबिवलीच्या एका शाळेत बत्तीस वर्षं कारकून होते. आयुष्य फॉर्म तपासण्यात गेलं. जन्मतारीख एका दिवसाने मागेपुढे केलेल्या पालकांना मी टेबलासमोर उभं करून असं झापलंय, की आजही रस्त्यात दिसले तर पलीकडच्या फुटपाथने जातात. आणि त्याच मी सहलीच्या फॉर्मवर, आईच्या नावापुढे, 'विस्मरण किंवा तत्सम त्रास' या रकान्यात स्वच्छ अक्षरात 'नाही' असं लिहिलं होतं.

त्रास होता. दीड वर्षापासून होता. आई दूध तापत ठेवून शेजारी जाऊन बसायची. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली तरी त्यांच्यासाठी चहा गाळून ठेवायची. डॉक्टर म्हणाले, काही दाखवायचं असेल तर आत्ताच दाखवा. आईला एकच बघायचं होतं. बाबा कल्याणजवळ मोहन्याच्या कारखान्यात होते तेव्हा त्यांनी कुठूनसं एक जपानी कॅलेंडर आणलं होतं. त्यात बागेतल्या तळ्यावरचा लाल पूल. वर्ष सरलं, तारखा फाडून टाकल्या, पण तो पूल आमच्या चाळीतल्या स्वयंपाकघरात वीस वर्षं फोडणीचे डाग झेलत लटकत राहिला. "एकदा जाऊ हो आपण," असं बाबा दर दिवाळीला म्हणायचे. घर आणि कारखाना सोडून ते फार तर गणपतीला गावी गेले.

खरं लिहिलं असतं तर आईला कुणी नेलंच नसतं. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं, की मला ते पाठ झालं. तरी बाईंचा अंगठा डाव्या करंगळीवर आला की मी नजर दुसरीकडे वळवायचे.

पहिल्या दिवसापासून मी आईचा हात धरून ठेवला. रात्रीसुद्धा तिच्या पदराचं टोक मुठीत धरून झोपायचे. रोज सकाळी नाश्त्याला आई बाईंना विचारायची, "तुम्ही कुठच्या?" बाई सांगायच्या, "कल्याणची, आई." आई म्हणायची, "अगो बाय, म्हणजे आपल्या जवळच्याच की." रोज. आणि रोज बाई तितक्याच उत्साहाने म्हणायच्या, "हो ना, अगदी जवळची." मी बशीत डोकं घालून बसायचे. मला वाटायचं, त्यांच्या लक्षात आलेलं नाही.

टोकियोतली ती बाग शेवटच्या दिवशी दुपारी होती. कोण्या सरदाराने काही शतकांपूर्वी आपल्या वाड्याभोवती बांधून घेतलेली. मधे मोठं तळं, भोवती टेकड्या, झाडं अशी छाटलेली की एकही पान आपल्या मर्जीने वाढलेलं नाही. मेपल लालभडक झाले होते. बर्फाच्या वजनाने फांद्या मोडू नयेत म्हणून पाइनच्या झाडांना शेंड्यापासून दोऱ्या बांधायचं काम चाललं होतं. एक म्हातारा माळी शिडीवर उभा राहून एकेक गाठ मारत होता. आई बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. म्हणाली, "बघ, झाडाचीपण किती काळजी."

फाटकाशी बाईंनी सगळ्यांना गोळा केलं. रोजच्यासारखी चकलीची पुडी प्रत्येकाच्या हातात दिली आणि सांगितलं, "ही बाग एका जागी उभं राहून बघायची नाही. चालत चालत बघायची. प्रत्येक वळणावर नवीन काही दिसतं आणि आधीचं लपतं. मुद्दाम तशी आखलीय." मग त्यांचा आवाज बारीक झाला. "म्हणजे माणूसही लपतो. मला ही बाग अजिबात आवडत नाही. लक्ष ठेवा एकमेकांवर. आणि एक. वाटेत नारळाएवढा दगड काळ्या दोरीने बांधून ठेवलेला दिसला की तिथून पुढे जायचं नाही. इथे पाटी नसते, फाटक नसतं. तो दगडच सांगतो, की वाट बंद."

"पाच वाजता बाग बंद," त्या पुढे म्हणाल्या. "साडेचारला सगळे लाल पुलाशी."

पूल दिसला तेव्हा माझं देहभान हरपलं. तोच कोन, तोच बाक, तळ्यात तेच लाल प्रतिबिंब. तो कॅलेंडरमधलाच पूल होता की दुसरा, देव जाणे. मी आईला म्हटलं, "आई, बघ. बाबांचा पूल." ती बघत राहिली. मला मात्र तो फोटो हवा होता, हुबेहूब तसाच. त्यासाठी दोन पावलं मागे गेले, मग डावीकडे, मग खाली वाकले. आठ दिवसांत पहिल्यांदा आईचा हात सोडला.

मागून बाईंचा आवाज आला. "एकवीस, बावीस. ताई, तेवीस. आई?"

"आहे, आहे," मी म्हटलं. मान न वळवता. डोळा कॅमेऱ्याला लावलेला.

फोटो छान आला आहे. मी तो अजून बघू शकत नाही.

वळले तेव्हा आई नव्हती. तुम्ही म्हणाल, अशा वेळी माणूस ओरडतं. मी नुसतं पुलाकडे बघितलं, तळ्याकडे बघितलं. तळ्याचं पाणी हिरवं, तळ न दिसणारं, आणि काठाला कठडा नाही. तिथल्या पाण्यात एक मोठा मासा वर आला. मी तिथेच खाली बसले.

बाई धावत आल्या. माझ्या चेहऱ्याकडे एकदाच बघितलं. बाकीच्यांना फाटकाशी बसवलं, साहेबांना सांगितलं, "एकालाही हलू देऊ नका." मग माझं मनगट धरून मला उठवलं.

"ताई, आई एकट्या असल्या की काय करतात? पाण्याकडे जातात? माणसांकडे जातात? पटकन सांगा."

"मॅडम, आईला..." मी म्हटलं. "मी फॉर्मवर..."

"ते नंतर. आधी हे सांगा."

इतकी वर्षं एका घरात राहून मला माहीत नव्हतं, की माझी आई एकटी असली की काय करते. आम्ही तळ्याला वळसा घातला. प्रत्येक वळणावर नवीन काही दिसत होतं. कंदील, धबधबा, बांबू. आई दिसत नव्हती. शिडीवरच्या म्हाताऱ्याला बाईंनी खुणा करून विचारलं, पाठीला बाक काढून, डोक्यावर पदर घेऊन दाखवला. त्याने मान हलवली आणि शिडीवरून उतरून आमच्या मागे चालू लागला. आकाश तांबूस व्हायला लागलं. कुठूनतरी कर्ण्यातून संथ सूर वाजायला लागले. बाई म्हणाल्या, "बंद व्हायची वेळ झाली." त्यांचे दोन्ही अंगठे डाव्या-उजव्या करंगळ्यांवर दाबून धरलेले होते. नखं पांढरी पडली होती.

मग त्या एकाएकी थांबल्या.

डावीकडे एक अरुंद पायवाट झुडपांत शिरत होती. तिच्या तोंडाशी काळ्या दोरीने बांधलेला तो गोल दगड. दगडावर, गाठीच्या बरोबर मधोमध, एक अख्खी चकली ठेवलेली. आणि दगडाच्या शेजारी आईचे बूट, देवळाबाहेर काढून ठेवतात तसे, जोडीने, टाचा सारख्या करून.

"इथून गेल्यात," बाई म्हणाल्या आणि खाली बसून त्यांनी तो दगड हाताने चाचपला. "ताई, हे काय केलंय त्यांनी?"

मला एका क्षणात कळलं. आमच्या गावी वाडीच्या तोंडाशी असाच एक दगड आहे. तो राखणदार. आत जायचं तर त्याला नमस्कार करायचा, हातात असेल ते ठेवायचं, पायातलं काढायचं आणि सांगायचं, बाबा, जाते मी, सांभाळ. मग बेलाशक आत जायचं. दगड म्हणजे वाट बंद, हे आईला कुठून कळणार? तिच्या हिशेबी राखणदार बसलाय म्हणजे वाट सर्वांत सुरक्षित.

आई झुडपांपलीकडे एका छोट्या लाकडी मांडवात बाकावर बसली होती. पायमोजे ओले, मांडीवर चकलीची पुडी. आम्हाला बघून तिला जराही नवल वाटलं नाही.

"आई," बाई तिच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या. "कुठे निघून आलात?"

"निघून कसली," आई म्हणाली. "तुम्ही मोजलंत ना? मीपण मोजलं. एक कमी होता. हे मागेच राहिले बहुतेक. पूल बघायचा तर त्यांनाच होता. म्हणून बघायला आले."

मी रडले. बाई नाही रडल्या. त्यांनी पिशवीतून कोरडे पायमोजे काढले, आईच्या पायात घातले, बूट चढवले, पट्ट्या लावल्या. एक पट्टी दोनदा निसटली. निघताना मी दगडावरची चकली उचलायला गेले तर आईने माझा हात धरला. "दिलेलं परत घेतात काय?" माळीबुवांना भाषा कळली नाही, पण त्यांनीही ती तिथेच राहू दिली.

फाटकाकडे येताना बाई हळूच म्हणाल्या, "मला दुसऱ्या दिवशीच कळलं होतं, ताई."

"मग तुम्ही ऑफिसला..."

"कळवलं असतं तर म्हणाले असते, हॉटेलात बसवून ठेवा. त्यांना पूल बघायचा होता." थोडं चालल्यावर म्हणाल्या, "पण तुम्ही मला सांगायला हवं होतंत. मी त्यांना पहिल्या पेरावर घेतलं असतं."

बसमध्ये साहेब तापलेले होते. टॉवर बघायचा राहिला, तासभर थंडीत बसावं लागलं, हा काय कारभार आहे, मी लेखी कळवणार. बाईंनी ऐकून घेतलं. मग पुढच्या सीटवर बसून ऑफिसला फोन लावला. मी त्यांच्या मागेच होते, शब्दन् शब्द ऐकू आला.

"हो सर. सापडल्या, बऱ्या आहेत. नाही सर, त्यांच्या मुलीची काही चूक नाही. माझी मोजताना चूक झाली."

बस चालत होती. मला फक्त उठून दोन वाक्यं बोलायची होती. आई माझ्या खांद्यावर झोपली होती, म्हणून मी हलले नाही. निदान तेव्हा मी स्वतःला असंच सांगितलं.

परत आल्यावर सहलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महिनाभर फोटो येत राहिले. मग साहेबांनी लिहिलं, की आपल्या तक्रारीची दखल घेतली गेली, मॅडमना आता सहलींवर पाठवत नाहीत. खाली चार अंगठे आले. बाई ग्रुपमधून कधी बाहेर पडल्या ते कुणाला कळलंही नव्हतं. पंचवीस वर्षं ज्या बाईने चोवीसातला एक हरवू दिला नाही, तिच्या नावावर मोजण्यातली चूक लागली. आणि ती माझी होती. एक फॉर्मवरची, एक पुलाजवळची.

चूक माझी होती, असं मी सहलीच्या ऑफिसला पत्र लिहिलं. बत्तीस वर्षं पत्रं लिहिलेली बाई मी, पण त्या अर्ध्या पानाला मला आठ महिने लागले. कधी आईची तब्येत, कधी पावसाळा, कधी योग्य शब्द सुचत नाहीत. कारणं तुम्हालाही ठाऊक आहेत, आपण सगळे तीच वापरतो. शेवटी एका रविवारी आईला रिक्षात घातलं आणि विठ्ठलवाडीला गेले.

दोन खोल्यांचं घर. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली ती मोठी पिशवी खुंटीला रिकामी लटकत होती. आईने दाराबाहेर चपला काढून टाचा सारख्या केल्या. ते बघून बाईंना हसू आलं. त्यांनी आईला हाताला धरून आत घेतलं. आई म्हणाली, "तुम्ही कुठच्या?"

"कल्याणची, आई."

"अगो बाय, म्हणजे आपल्या जवळच्याच की."

चहा झाला. ऑफिसात काउंटरवर बसवलं होतं, असं त्या म्हणाल्या. "दोन महिने बसले. पण तिथे मोजणार काय, खुर्च्या? दिलं सोडून." मी पर्समधून पत्र काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं. मला वाटलं, म्हणतील, जाऊ द्या हो ताई, झालं गेलं, कशाला पाठवता. तसं त्या म्हणतील या भरवशावरच मी आले होते, हे मला तिथे बसल्यावर कळलं.

बाईंनी पत्राची घडी घातली. माझ्या हातात परत ठेवली.

"पाठवा," त्या म्हणाल्या. "मी वाटच बघत होते."

आवाज चढला नव्हता. डोळे भरले होते, पण ते त्यांनी लपवले नाहीत. "बसमध्ये बघत होते वाट. मग विमानतळावर. मग रोज. मला वाटलेलं ताई उठतील. मी ऑफिसला खोटं बोलले ते तुमच्या आईसाठी, तुमच्यासाठी नाही."

मी मान खाली घातली. आई दोघींकडे बघत होती. तिला काय कळलं कुणास ठाऊक, पण तिने पदराखालून हात काढून बाईंच्या गुडघ्यावर ठेवला. निघताना बाई दारात आल्या. अंगठा उजव्या तर्जनीच्या पहिल्या पेरावर, मग दुसऱ्या. "दोन," त्या आईला म्हणाल्या. "सगळे आहेत." हे त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या नाहीत.

पत्र मी दुसऱ्याच दिवशी पाठवलं. ऑफिसचं दोन ओळींचं उत्तर आलं: प्रकरण जुनं आहे, संबंधित कर्मचारी आता सेवेत नाहीत. ते दाखवायला मी पुन्हा विठ्ठलवाडीला गेले तेव्हा दारावर दुसरंच नाव होतं. शेजारीण म्हणाली, बहिणीकडे दिवा स्टेशनजवळ राहायला गेल्या, पत्ता माहीत नाही. फोन लागत नाही. दिव्यात माणूस शोधायचं म्हणजे काय, ते इथल्या माणसांना सांगायला नको. तरी दोनदा जाऊन आले. एकाला एक चिकटलेल्या इमारतींच्या जिन्यांवर पांढऱ्या बुटांची जोडी दिसते का बघत फिरले.

आईला आता जपान आठवत नाही. पूल आठवत नाही, मी मुलगी हेही कधी कधी आठवत नाही. बाबांसाठी चहा गाळून ठेवणंसुद्धा थांबलंय. पण संध्याकाळी दिवा लावला की तिला चैन पडत नाही. दाराशी जाते, परत येते, पुन्हा जाते.

"आज आपल्याला कुणी मोजलं नाही," ती म्हणते.

मी तिला बसवते. तिच्यासमोर हात धरते आणि अंगठा एका पेरावरून दुसऱ्यावर नेते. "एक तू, एक मी. दोन. सगळे आहेत, आई."

ती माझ्या बोटांकडे नीट बघते. मग दाराकडे. आणि रोज विचारते,

"आणि त्या?"